रात्र सरता सरत नाही आणि वर्ष मात्र हां हां म्हणता सरते, असे का होते?

सांजवात

सर्वांना नमस्कार. माझा प्रश्न वैद्यकीय नाही, पण तो एका आजारपणातून सुचलेला आहे, म्हणून आधी थोडी पार्श्वभूमी सांगते. गेल्या श्रावणात माझ्या ७८ वर्षांच्या आईला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली. बोलणे अडखळत का होईना, पण परत आले. तेव्हापासून ती अंथरुणावर आहे आणि मी नोकरीतून दीर्घ रजा घेऊन घरी, सांगलीला, तिच्याजवळ असते. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी तिची कूस बदलावी लागते. रात्री दहा, बारा, दोन, चार आणि सहा या माझ्या ठरलेल्या वेळा आहेत.

यांतली दोन ते चार ही वेळ माझ्या अंगावर येते. खोलीत दिव्याचा मंद उजेड असतो, आईच्या हवेच्या गादीचा पंप घुं घुं करीत असतो, गादीचे काही कप्पे फुगतात आणि काही बसतात. समोरच्या भिंतीवर घड्याळ आहे. बराच वेळ गेला असेल असे वाटून मी वर पाहते, तर दोन वाजून अकरा मिनिटे झालेली असतात. पुन्हा पाहते तेव्हा सतरा झालेली असतात. कधी कधी तर नजर घड्याळाकडे वळताच सेकंदकाटा जागच्या जागी थबकला आहे असे स्पष्ट दिसते, आणि मग तो पुढे सरकतो. पहिल्यांदा असे झाले तेव्हा सेल संपत आले असावेत असे समजून मी ते बदललेसुद्धा.

एवढ्या लांबलचक रात्री ज्या वर्षात होत्या, ते वर्ष आठवू गेले तर हाताला काही लागत नाही. मागच्या आठवड्यात दिनदर्शिकेचे पान उलटताना लक्षात आले की अकरा महिने झाले. दिवाळीत आम्ही काय केले, थंडी कधी पडली, संक्रांतीला तिळगूळ घरी केला की विकत आणला, यांतले काही मला सांगता येत नाही. सगळे मिळून एकच दिवस झाल्यासारखे वाटते. ज्या वर्षातली एकेक रात्र खायला उठत होती, ते वर्ष कापरासारखे उडून कसे गेले?

माझा भाऊ म्हणतो की हा वयाचा परिणाम आहे. दहा वर्षांच्या मुलाला एक वर्ष म्हणजे आयुष्याचा दहावा भाग असतो, तुझ्या बावन्नाव्या वर्षी तो बावन्नावा भाग झाला, म्हणून वर्ष लहान वाटते, असे त्याचे गणित आहे. ते ऐकायला पटते, पण मग रात्रही लहान वाटायला हवी होती.

आणखी एक गोष्ट. आईला ताप होता त्या दिवशी मी कोपऱ्यावरच्या दुकानातून औषध घेऊन जेमतेम दहा मिनिटांत परतले. तिने विचारले, "इतका वेळ कुठे होतीस गं? सकाळपासून वाट बघतेय." तेव्हा मला वाटले की आम्ही दोघी एका खोलीत असलो, तरी आमचा वेळ एक नाही.

याविषयी कोणी वाचले असेल, किंवा स्वतः अनुभवले असेल, तर कृपया सविस्तर लिहावे. हे अकरा महिने वाया गेले की काय, ही रुखरुखही या प्रश्नामागे आहे, हे लपवत नाही.

जुना_फळा

ताई, मी महाविद्यालयात तीस वर्षे मानसशास्त्र शिकवले. तुमच्या प्रश्नात या विषयातले एक जुने आणि मूलभूत कोडे अगदी नेमके मांडले गेले आहे, म्हणून उत्तर थोडे लांबेल.

आधी एक गैरसमज दूर करतो. उजेडासाठी डोळा आहे आणि आवाजासाठी कान आहे, तसे वेळेसाठी आपल्या शरीरात कोणतेही इंद्रिय नाही. झोप आणि जाग यांचे चोवीस तासांचे चक्र सांभाळणारा एक लहानसा पेशीसमूह मेंदूत आहे, पण 'आत्ता किती मिनिटे गेली' हे तो सांगत नाही. ती मिनिटे आपण प्रत्येक वेळी कशावरून तरी अदमासाने ठरवतो, आणि हा अदमास बांधण्याच्या दोन निरनिराळ्या रीती आहेत. वेळ चालू असताना आपण तो लक्षाने मोजतो. वेळ निघून गेल्यावर आपण तो आठवणींनी मोजतो. तुमची रात्र पहिल्या मापाने मोजलेली आहे आणि तुमचे वर्ष दुसऱ्या मापाने. दोन्ही मापे आपापल्या जागी खरी आहेत. ती एकमेकांशी जुळावीत अशी अपेक्षा मात्र आपण उगाच करतो.

विल्यम जेम्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १८९० मध्ये हा भेद फार स्पष्टपणे मांडला होता. निरनिराळ्या अनुभवांनी भरलेला काळ जात असताना आखूड वाटतो आणि मागे वळून पाहताना लांब वाटतो. रिकामा काळ जाताना लांब वाटतो आणि मागे वळून पाहताना आखूड. कोकणात चार दिवस फिरून आलेला माणूस तिथे असताना "दिवस कसे गेले कळलेच नाही" म्हणतो आणि घरी परतल्यावर "महिनाभर बाहेर होतो असे वाटते" असेही म्हणतो. तुमच्या बाबतीत नेमके याच्या उलट घडले आहे.

लक्षाविषयी. दोन ते चार या वेळात तुमच्यापुढे वाट पाहण्यावाचून दुसरे काम नसते. हात रिकामे असतात, पण झोपून चालत नाही. म्हणजे मन वेळेवरच पहारा देत बसलेले असते. असा पहारा बसला की प्रत्येक मिनिटाची नोंद होते आणि नोंदी वाढल्या की वेळ लांबतो. दूध उतू जाईल म्हणून गॅसपाशी उभे राहिलेल्या कोणालाही हा अनुभव आहे. सेकंदकाटा थबकल्यासारखा दिसतो, त्याचे कारण मात्र निराळे आहे, आणि तुमच्या घड्याळाचे सेल चांगले होते. नजर एका जागेवरून दुसऱ्या जागेवर झेप घेते तेव्हा त्या अत्यल्प काळात डोळ्यांना स्पष्ट काही दिसत नसते. मेंदू ती फट उघडी ठेवत नाही. झेप संपल्यावर जे दिसले तेच आधीपासून दिसत होते असे धरून तो ती बुजवतो. त्यामुळे पहिला सेकंद त्याच्या वाट्याहून मोठा होतो. यावरचे प्रयोग २००१ मध्ये प्रसिद्ध झाले आहेत.

तुमच्या आईने विचारलेला प्रश्न वाचून मी चकित झालो, कारण जवळजवळ हाच प्रसंग या विषयाच्या इतिहासात नोंदलेला आहे. हडसन होगलंड या अमेरिकी शरीरशास्त्रज्ञाची पत्नी फ्ल्यूच्या तापाने आजारी होती. तो औषध आणायला थोडा वेळ बाहेर गेला आणि परतल्यावर तू फार वेळ लावलास अशी तिने तक्रार केली. त्याने तिला मनाने एक मिनिट मोजायला सांगितले आणि स्वतः घड्याळ लावून पाहिले. ताप जसजसा चढे, तसतसे तिचे साठ अंक लवकर संपत. आतली मोजणी वेगाने चालली की बाहेरचे दहा मिनिटे अर्ध्या तासासारखे वाटणारच. त्याने ही निरीक्षणे १९३३ मध्ये प्रसिद्ध केली. तेव्हा आई चुकत नव्हती, ती तिच्या मोजणीप्रमाणे खरेच सांगत होती.

आता आठवणींविषयी, आणि तुमचे खरे दुखणे तिथे आहे. १९६२ मध्ये मिशेल सिफ्र हा तेवीस वर्षांचा फ्रेंच भूशास्त्रज्ञ आल्प्समधल्या एका बर्फाळ गुहेत घड्याळाशिवाय दोन महिने एकटा राहिला. उठल्यावर, जेवताना आणि निजताना तो दूरध्वनीवरून वर कळवत असे, पण वरचे लोक त्याला वेळ सांगत नसत. १४ सप्टेंबरला त्याला बाहेर काढले तेव्हा त्याच्या हिशेबाने २० ऑगस्टच उजाडला होता. पंचवीस दिवस त्याच्या खात्यातून निघून गेले होते. सेकंदाला एक अंक या गतीने १ ते १२० मोजण्यास त्याला सांगितले, तेव्हा प्रत्यक्षात त्याने पाच मिनिटे घेतली होती. अंधार, थंडी, तोच तंबू आणि तेच खाणे असताना एका दिवसाला दुसऱ्यापासून वेगळे करणारी खूणच नव्हती. तुमच्या खोलीत उजेड आहे आणि माणूस आहे. तरीही दहा, बारा, दोन, चार, सहा हे चक्र सुमारे तीनशे तीस वेळा जसेच्या तसे फिरले आहे. सारख्या गोष्टी आठवणीत वेगवेगळ्या राहत नाहीत, त्या एकमेकींत मिसळतात.

भावाने सांगितलेले गणित एकोणिसाव्या शतकात पॉल जाने या फ्रेंच विचारवंताने मांडले होते. ते पाठ करायला सोपे आहे म्हणून टिकले. परंतु २००५ मध्ये जर्मनी व ऑस्ट्रियातील १४ ते ९४ वयाच्या ४९९ जणांना विचारले असता वेळ वेगाने जातो असे बहुतेक सर्वांनीच, अगदी तरुणांनीही, सांगितले. वयाप्रमाणे पडणारा फरक किरकोळ होता. तो जरा ठळक दिसला तो 'गेली दहा वर्षे कशी गेली' या प्रश्नापुरता. त्यामुळे तुमच्या एका वर्षाचे कोडे बावन्नने भागून सुटणार नाही. तुमची शंका रास्त आहे.

रुखरुखीबद्दल एवढेच म्हणेन की आठवण आखूड असणे आणि काळ वाया जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जे रोज त्याच निगुतीने केले, ते आठवणीत साठत नाही. पण आईच्या पाठीवर आज जखम नसेल, तर ते कुठे साठले आहे हे तुम्हाला दिसतेच आहे. जमल्यास एक वही ठेवा आणि त्या दिवशी कालच्यापेक्षा वेगळे जे घडले त्याची रोज एकच ओळ लिहा. दुधाचा हिशेब किंवा औषधांच्या वेळा तिच्यात नकोत.

घाटवाट

सरांचे उत्तर वाचून एक विचारावेसे वाटते. चार वर्षांपूर्वी आंबा घाटात पावसात माझी मोटारसायकल घसरली. समोरून एसटी येत होती. घसरण्यापासून कठड्याला थडकेपर्यंत दोन-तीन सेकंदांहून अधिक वेळ गेला नसेल, पण बसच्या काचेवरचे गंध, वायपरची उजवीकडून डावीकडे येणारी पाती, माझ्या हातमोज्याचा उसवलेला टाका, हे सगळे मी सावकाश पाहिले असे मला आजही वाटते. त्या वेळी लक्ष इतके एकवटलेले होते म्हणून वेळ लांबला, की माझा मेंदूच वेगाने चालू लागला होता?

जुना_फळा

घाटवाट, तुम्ही सुखरूप आहात याचा आनंद आहे. या प्रश्नाचा प्रत्यक्ष प्रयोग झाला आहे. डेव्हिड ईगलमन आणि सहकाऱ्यांनी काही स्वयंसेवकांना ३१ मीटर उंचीवरून पाठमोरे खाली जाळीत सोडले. स्वतःच्या पडण्याला किती वेळ लागला असा अंदाज त्यांनी दिला, तो दुसऱ्यांच्या पडण्याच्या त्यांच्याच अंदाजापेक्षा सरासरी ३६ टक्क्यांनी जास्त होता. पण त्यांच्या मनगटावर एक यंत्र बांधले होते आणि त्यावरचे आकडे एरवी वाचता येणार नाहीत इतक्या वेगाने लुकलुकत होते. मेंदू खरोखर वेगाने चालत असता तर पडताना ते आकडे वाचता आले असते. पण पडताना ते एरवीपेक्षा चांगले वाचता आल्याचे दिसले नाही. हा प्रयोग २००७ मध्ये प्रसिद्ध झाला.

याचा अर्थ असा की भीतीच्या प्रसंगी मेंदू एरवीपेक्षा कितीतरी दाट नोंद ठेवतो, आणि नंतर ती उलगडताना तो प्रसंग लांब भासतो. तुमचे दोन सेकंद आणि ताईंचे अकरा महिने ही एकाच नियमाची दोन टोके आहेत, म्हणून तुमचा प्रश्न इथे शोभतो.

ठेका

मी शेजारच्या मिरजेचा आहे, तबल्याची साथ करतो आणि शिकवतो. शास्त्रीय प्रयोग मला ठाऊक नाहीत, पण संथ वेळ कसा सांभाळायचा हा आमच्या रोजच्या रियाजाचा विषय आहे आणि तो ताईंच्या दोन ते चारच्या जवळचा वाटला.

विलंबित, म्हणजे संथ, एकतालात बारा मात्रा, म्हणजे बारा ठोके, असतात. बडा ख्याल संथ चालीत चालू असेल तर एक मात्रा चार-चार सेकंदांचीही होते, म्हणजे समेपासून, तालाच्या पहिल्या मात्रेपासून, पुन्हा समेपर्यंतच्या एका आवर्तनाला अठ्ठेचाळीस सेकंद जातात. दोन आघातांमध्ये दोनेक सेकंदांपेक्षा जास्त अंतर पडले की ते एकाच लयीतले आहेत असे कानाला वाटेनासे होते. प्रत्येक आघात सुटा, पोरका पडतो. नवख्या विद्यार्थ्याची गत इथेच होते. तो 'धिं' वाजवतो आणि पुढच्या 'धिं'ची वाट पाहू लागतो. वाट पाहू लागला की त्याला ते अंतर असह्य होते आणि पुढचा बोल तो हमखास लवकर टाकतो, म्हणून लय चढत जाते. गायक मागे वळून पाहतो, तो ओशाळतो, आणि मग घाबरून पुढची मात्रा जरुरीपेक्षा लांबवतो.

यावर उपाय म्हणून आम्ही मात्रा कधीच रिकामी ठेवत नाही. एका मात्रेचे मनात चार भाग करतो. चौथ्या मात्रेवरचे 'तिरकिट' हे त्याचे उघड रूप आहे; ति, र, कि, ट ही चार अक्षरे एकेका सेकंदावर पडतात आणि ऐकणाऱ्यालाही आपण कुठे आहोत ते कळते. बाकीच्या मात्रांत हे भरण हलक्या बोटांनी तरी चालू असते, नाहीतर नुसते मनात. मी शिकायला लागलो तेव्हा माझे गुरुजी तबल्याला हात लावू देत नसत. मांडीवर तर्जनी ठेवायला सांगत आणि ती न हलवता आतल्या आत चार मोजायला लावत. बोट किंचित हलले तरी पुन्हा पहिल्यापासून. सहा महिन्यांनी मला कळले की मी मोजत नव्हतो; त्या चार सेकंदांना आतून आकार आला होता, आणि ज्याला आकार आहे त्याची वाट पाहावी लागत नाही.

एक जुना हिशेब सांगण्याचा मोह आवरत नाही. आपण 'पळभर थांब' म्हणतो तेव्हा डोळ्यांपुढे क्षणच असतो, पण जुन्या मोजमापात पळ चोवीस सेकंदांचे असते आणि साठ पळांची, म्हणजे चोवीस मिनिटांची, घटका होते. तळाशी बारीक छिद्र असलेले तांब्याचे घटिकापात्र पाण्यावर सोडले की ते भरून बुडायला एवढाच वेळ घेते; लग्नघरात मुहूर्तासाठी ते अजूनही काही ठिकाणी मांडतात. वर सांगितलेल्या लयीचे एक आवर्तन म्हणजे बरोबर दोन पळे, आणि तीस आवर्तनांत एक घटका भरते. चांगला बडा ख्याल सहज घटकाभर चालतो. त्या घटकेत श्रोत्याला घड्याळ आठवत नाही, तीच घटका दवाखान्याच्या बाकावर मात्र संपत नाही.

ताई, तुमच्या दोन तासांचे भाग करून पाहा. त्या गादीच्या पंपालाही काही आवर्तन असेलच. किती वाजले ते पाहण्याऐवजी आता कितवे आवर्तन चालू आहे एवढे मनात धरून पाहता येईल. त्याने झोप येईल की नाही हे सांगता येत नाही, पण वेळ अंगावर येणार नाही असे वाटते.

रातपाळी

मी परिचारिका आहे आणि पंचवीस वर्षे रुग्णालयांत रात्रपाळ्या केल्या आहेत. वरची उत्तरे वाचून पुष्कळ शिकायला मिळाले, तरी मला काही वेगळे सांगायचे आहे. सगळी चर्चा ताईंच्या वेळेची झाली. आईच्या वेळेची फार थोडी झाली.

अंथरुणाला खिळलेल्या माणसाचा वेळ आपल्यापेक्षा अधिक विस्कटलेला असतो. ताईंना निदान कामांच्या खुणा आहेत. आईंना छत आहे, भिंत आहे आणि कोणीतरी येऊन कूस बदलणे आहे. खिडकीचा पडदा दिवसा ओढलेला आणि रात्रीही दिवा लागलेला असेल तर सकाळ व रात्र यांतली सीमाच पुसली जाते. वयस्कर रुग्ण अतिदक्षता विभागात तीन-चार दिवसांत गोंधळून जातात, भरदुपारी रात्र झाली म्हणतात, गेलेल्या माणसांना हाका मारतात. म्हणून तिथे समोर मोठे घड्याळ आणि तारीख-वार लिहिलेला फळा असावा लागतो, रात्री उजेड कमी करावा लागतो आणि प्रत्येक कामाआधी "आजी, सकाळचे आठ वाजलेत, आता तोंड धुऊ या" असे बोलावे लागते. हे बोलणे औषधाइतकेच आवश्यक आहे असे मी मानते.

तेव्हा ते घड्याळ तुमच्या समोरून काढून आईंना दिसेल अशा जागी लावा. तुम्हाला कूस बदलण्यासाठी मोबाइलचा गजर पुरेसा आहे. पडदा सकाळी ठरलेल्या वेळी उघडा आणि उघडताना वार सांगा. बाहेर जाताना "आत्ता येते" म्हणू नका. "काटा सहावर आला की मी परत आलेली असेन" असे सांगा. शस्त्रक्रियागृहाबाहेर बसलेले नातेवाईक मी वर्षानुवर्षे पाहिले आहेत. तीन तास लागतील असे सांगितलेली माणसे तीन तास शांत बसतात; काहीच न सांगितलेली माणसे पाऊण तासातच दाराशी येऊन उभी राहतात. ताप होता त्या दिवशी आईंना मोजणी वेगाने चालल्यामुळे वेळ लांब वाटला, हे सरांचे म्हणणे खरे असेलच. पण कधी परतणार हे माहीत नसणेही त्यात होते.

सरांच्या वहीला माझी हरकत नाही. मात्र अकरा महिने सलग झोपमोड झालेल्या माणसाच्या आठवणी पुसट होतात, याला नुसता सारखेपणा कारण नसतो, अपुरी झोपही असते. झोपेत आठवणी पक्क्या होतात, आणि तुमची झोप दोन-दोन तासांचे तुकडे होऊन पडली आहे. पाळीची कामे करणाऱ्या आम्हा सगळ्याजणींना हे ठाऊक आहे. आठवड्यातून किमान एक रात्र दुसऱ्या कोणावर तरी सोपवा. ज्या भावाने गणित सांगितले, त्याच्यावर सोपवली तरी चालेल. हे मी रागाने लिहीत नाही; बहुतेक घरांत कोणी मागितल्याशिवाय ही रात्र मिळत नाही, म्हणून मागा असे सांगते.

जुना_फळा

रातपाळी, तुमचे म्हणणे मला पूर्णपणे मान्य आहे. झोपेचा मुद्दा माझ्याकडून राहिला, तो राहायला नको होता. वहीच्या आधी झोप, असा क्रम मी माझ्या उत्तरात दुरुस्त करून घेतो.

सांजवात

सर्वांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी लिहीत आहे, कारण सांगितलेले करून पाहिल्याशिवाय उत्तर देणे बरे वाटत नव्हते.

घड्याळ आता आईच्या समोरच्या भिंतीवर, खिडकीशेजारी आहे. पहिले चार दिवस तिने त्याकडे पाहिलेसुद्धा नाही. पाचव्या दिवशी दुपारी मी चहा घेऊन गेले तेव्हा ती म्हणाली, "आज उशीर झाला. साडेतीनचा चहा ना?" चार वाजायला पाच मिनिटे कमी होती. मी त्या वाक्याने किती हलले ते लिहिता येणार नाही.

भावाकडे रात्र मागितली. तो दर शनिवारी पुण्याहून येतो आणि शनिवारची रात्र सांभाळतो. पहिल्या रविवारी सकाळी तो स्वयंपाकघरात आला, ओट्याला टेकून उभा राहिला आणि म्हणाला की दोन ते चार हे दोन तास नव्हतेच. आम्ही त्यावर अधिक काही बोललो नाही. बावन्नने भागण्याचे गणित त्याने पुन्हा काढलेले नाही.

ठेका यांनी सुचवले तसे पंपाकडे लक्ष दिले. एका बाजूचे कप्पे फुगून बसायला आणि दुसऱ्या बाजूचे फुगायला साधारण दहा मिनिटे लागतात. म्हणजे दोन तासांत अशी बारा आवर्तने होतात. तुमच्या एकतालाच्या मात्राही बाराच आहेत, हे लक्षात आल्यावर मला रात्री एकटीलाच बरे वाटले. सातवे किंवा आठवे आवर्तन चालू असताना आता कधी कधी डोळा लागतो आणि गजराने जाग येते. आधी घड्याळाकडे पाहत असताना असे कधी झाले नव्हते.

वहीत एकवीस ओळींऐवजी चौदाच आहेत, कारण सात दिवस मला वेगळे असे काही सापडले नाही, आणि काहीतरी लिहायचे म्हणून लिहिणे मी टाळले. एक ओळ शेजारच्या मुलीने आईची वेणी घातली त्याची आहे. एक पहिल्या मोठ्या पावसाची आहे. आईने खिडकी उघडायला लावली आणि पांघरुणावर शिंतोडे आले तरी बंद करू दिली नाही. परवाच्या ओळीत असे लिहिले आहे की पहाटे सहाला कूस बदलताना तिच्या उजव्या हाताच्या दोन बोटांनी पांघरुणाची कड धरून ठेवली होती, आणि मला ती हलकेच सोडवून घ्यावी लागली. हे परवा पहिल्यांदाच घडले, की आधीपासूनच घडत होते, हे मला सांगता येत नाही. तेव्हा वही नव्हती.